हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड निघालं, आता गावाला कसं सांगायचं?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, म्हणजे खडकातून पाण्यात उतरणारा एक क्षार, मर्यादेपेक्षा जास्त आढळतं. संस्था नमुने घेतात, प्रयोगशाळेत पाठवतात, अहवाल हातात येतो. इथवरचं काम बहुतेक जण नीट करतात. पुढचं काम, म्हणजे ते गावाला सांगणं, घाईत उरकलं जातं. चौकात एक फ्लेक्स लागतो, पेपरात एक बातमी येते, ग्रुपवर अहवालाचा फोटो पडतो, आणि दोन महिन्यांनी त्याच पंपावर तीच घागर भरली जात असते.

लोकांनी ऐकलेलं नसतं असं नाही. जे सांगितलं त्याचा उपयोग काय करायचा, हे त्यांना कळलेलं नसतं. ‘पाणी खराब आहे’ एवढ्यावर पाणी भरणाऱ्या बाईला उद्या सकाळी घागर घेऊन कुठं जायचं ते समजत नाही. म्हणून या सगळ्या कामाचा एकच नियम धरा: कुठलं पाणी पिऊ नये हे ज्या वाक्यात सांगाल, त्याच्या पुढच्याच वाक्यात कुठलं पाणी प्यावं हे आलं पाहिजे. ते वाक्य तुमच्याकडे तयार नसेल, तर फ्लेक्स छापायला टाकू नका.

तोंड उघडण्याआधी

गावातल्या प्रत्येक स्रोताची एक ओळ असलेला तक्ता करा. त्यात पंपाचं गावातलं नाव, नमुना घेतल्याची तारीख, प्रयोगशाळेचं नाव, फ्लोराइडचा आकडा आणि त्या पंपावर अवलंबून असलेली घरं एवढं हवं. अहवालावर ‘स्रोत क्र. 4’ लिहिलेलं असतं, पण गावात त्याला ‘मारुतीच्या पारामागचा पंप’ म्हणतात. तेच नाव वापरा. क्रमांक वापरून सांगितलेली माहिती चुकीच्या पंपाला चिकटते, आणि मग चांगल्या पाण्याचा पंप ओस पडतो.

नमुना प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीतच घ्यावा, कारण काचेशी फ्लोराइडची प्रक्रिया होते. पंप आधी दोन-तीन मिनिटं चालवायचा, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची आणि चिठ्ठी जागेवरच चिकटवायची. हे इथं सांगण्याचं कारण असं की सभेत पहिला प्रश्न हाच येतो: ‘तुम्ही पाणी नेलं कसं? बाटली कसली होती?’ नमुना घेताना पंपावरच्या दोघींना सोबत उभं केलं असेल, तर उत्तर त्याच देतात. तुम्ही दिलेल्या दहा स्पष्टीकरणांपेक्षा त्याला जास्त वजन असतं.

जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाणी तपासायचे छोटे संच पोहोचले आणि ते वापरायचं प्रशिक्षणही महिलांना दिलं गेलं. पहिल्या चाळणीला हा संच उत्तम. पण तपासताना पाण्याला आलेला रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो, त्यामुळे मर्यादेच्या आसपासचा आकडा एका माणसाला 1 वाटतो, दुसऱ्याला 2. जाहीर करायचा आकडा प्रयोगशाळेचाच असावा. मात्र संचावर रंग फारच पुढचा दिसला, तर अहवालाची वाट बघत गप्प राहणं योग्य नाही. त्या पंपावरच्या घरांना लगेच सांगा, आणि ‘ही प्राथमिक तपासणी आहे, पक्का अहवाल अमुक तारखेला कळवू’ हेही सांगा. दिलेली तारीख पाळा. अहवाल आला नसला तरी त्या दिवशी जाऊन ‘आला नाही’ एवढं सांगून या.

पर्यायी स्रोतही तपासलेला हवा. खोल बोअरपेक्षा उथळ विहिरीत फ्लोराइड पुष्कळदा कमी असतं, पण उघड्या विहिरीत जंतूंचा धोका असतो. विहीर सुचवायची तर तिचा जंतूंचा अहवाल आणि टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) नियमित टाकण्याची सोय दोन्ही हाताशी ठेवा. नाहीतर फ्लोराइडपासून वाचवलेलं मूल जुलाबानं आजारी पडेल.

आकडा बोलीत आणा

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1.0 मिलिग्राम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेता येतं. या दोन आकड्यांवरून गावात हमखास वाद होतो, कारण एका कागदावर 1 लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर 1.5. दोन्ही एकदा समजावून सांगा आणि त्यानंतर सगळीकडे एकच वापरा.

सभेत बोलताना ‘मिलिग्राम प्रति लिटर’ची गरज नाही. ‘दीडपर्यंत चालतं, या पंपाचं साडेतीन आलंय’ एवढं पुरतं. कागदावर एकक पूर्ण लिहा, कारण तो कागद पुढे पंचायत समितीत जाणार आहे.

‘विष’ हा शब्द टाळा. गावानं ते पाणी वीस-वीस वर्षं प्यायलेलं असतं आणि पिऊन कुणी पडलेलं नसतं. तुम्ही विष म्हणालात की लोक स्वतःच्या अनुभवाशी ताडून बघतात आणि तुमचं सगळंच म्हणणं खोडून टाकतात. खरं आहे ते त्याच्या खऱ्या वेगानं सांगा. फ्लोराइडचं नुकसान हळूहळू होतं. कायमचे दात आत तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे पाणी पोटात गेलं तर दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि पुढे तपकिरी पट्टे उमटतात. फार जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पिण्यात राहिलं, तर सांधे आणि पाठीचा कणा ताठरतो. आणि एक गोष्ट लपवू नका: दातांवरचे पट्टे पाणी बदलून जात नाहीत. ‘पाणी बदला, दात साफ होतील’ असं कार्यकर्ता उत्साहात बोलून जातो, वर्षभरानं आई मुलाचे दात बघते आणि पुढच्या वेळी सभेला येत नाही. पाणी बदलायचं ते ज्याचे दात अजून यायचे आहेत त्या लेकरासाठी आणि सगळ्यांच्या हाडांसाठी.

यावरून प्राधान्यही ठरतं. सगळ्यात आधी अंगणवाडीचा आणि शाळेचा पंप. शालेय पोषण आहाराची खिचडी ज्या पाण्यात शिजते त्याचा आकडा मुख्याध्यापक आणि अंगणवाडीताईंना अहवाल आल्याच्या दिवशीच कळला पाहिजे.

लाल रंगाची गफलत

फ्लोराइडच्या पंपाला लाल रंग द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. महाराष्ट्रात तिच्यात एक अडचण आहे. आपल्याकडे पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. गावकऱ्यांच्या आणि जलसुरक्षकाच्या (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या माणसाच्या) डोक्यात लाल म्हणजे परिसर घाण, पाण्यात जंतू, आणि उपाय म्हणजे टीसीएल. त्यामुळे लाल पंप दिसला की कुणीतरी टीसीएल वाढवतं किंवा घरी पाणी उकळून प्यायला लागतं. टीसीएलनं फ्लोराइड कमी होत नाही. उकळल्यानं तर वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात फ्लोराइड किंचित वाढतंच.

तेव्हा रंग द्यायचा असेल तर त्याच्यासोबत चित्र आणि चार शब्द हवेत: घागरीवर आडवी फुली, आणि खाली ‘पिऊ नका, शिजवू नका’. शेजारी बादली-कपड्यांचं चित्र काढून ‘धुण्याला चालेल’ लिहा. पंपाच्या ओट्यावर रंगवलेलं पायांनी आणि पाण्यानं निघून जातं, म्हणून खांबावर किंवा जवळच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा. आणि रंगवण्याआधी ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या. ती नसली की नाराज झालेला पहिला माणूस चुन्याचा हात फिरवून मोकळा होतो.

आधी कुणाला, मग कुणाला

क्रम चुकला की काम अडतं. त्या पंपावर पाणी भरणारी घरं पहिली. त्यांना ही गोष्ट पेपरातून कळली तर त्यांचा राग रास्तच आहे. त्याच दिवशी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), जलसुरक्षक आणि आशाताई यांना अहवालाची प्रत द्या, आणि एका प्रतीवर पोच घ्या. नंतर ग्रामसभा, त्यानंतर तालुक्याचं पाणीपुरवठ्याचं कार्यालय, आणि सगळ्यात शेवटी वार्ताहर. पहिल्या आणि शेवटच्या पायरीत आठवडाभराचं अंतर पुरतं. महिनाभर थांबलात तर अहवाल दाबल्याची कुजबुज सुरू होते.

सरपंचांना ग्रामसभेआधी भेटण्यात गावाशी काही दगाबाजी नाही. त्यांना सभेत अचानक आकडा ऐकवला तर ते बचावाच्या पवित्र्यात जातात आणि पर्यायी पाण्याची सोय करणारा माणूसच विरोधात बसतो. मात्र ‘जाहीर करू नका’ ही विनंती मान्य करू नका. ‘चार दिवसांत टँकरचं किंवा दुसऱ्या विहिरीचं ठरवा, म्हणजे आम्ही सभेत दोन्ही गोष्टी एकत्र सांगू’ असं म्हणा. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर जास्त जपा. अहवाल कुठल्याही उमेदवाराच्या हातून वाटला जाऊ नये. एकदा तो एका गटाचा झाला की दुसरा गट मुद्दाम तेच पाणी पितो.

सरकारी खात्यानंही त्या स्रोताची तपासणी केलेली असू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेचा जुना अहवाल मागून घ्या. सरळ मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. दोन आकडे वेगळे आले तर दोन्ही तारखेसह दाखवा. पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा आकडा वेगळा येऊ शकतो, आणि तो फरक दोघांपैकी कुणी खोटं बोलल्याचा पुरावा ठरत नाही.

वस्तीवरची बैठक

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. हा विषय तिथं नक्की घ्या, कारण पाणी भरणं त्यांच्याच डोक्यावर आहे. पण कामाची खरी बैठक पंपावर किंवा अंगणात होते, 15 ते 20 बायकांची, जास्तीत जास्त 40 मिनिटांची. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत दुपारी कुणी भेटणार नाही. रात्रीची जेवणं झाल्यावर जा.

कोलामांच्या पोडावर (वस्तीवर), गोंड वस्तीत किंवा बंजारा तांड्यावर जाताना त्यांच्या भाषेत बोलणारी वस्तीतलीच बाई सोबत हवी. तिला नुसतं भाषांतराला उभं करू नका. आदल्या दिवशी तिच्यासोबत तासभर बसा, आकडे समजावा, तिला प्रश्न विचारू द्या, आणि बैठक तिलाच चालवू द्या. फ्लोराइड या शब्दाला त्या भाषेत प्रतिशब्द शोधत बसू नका. ‘दातांवर पट्टे आणणारा खडकातला क्षार’ हे वर्णन कुठल्याही भाषेत जातं.

बैठकीत तीन गोष्टी दाखवा: त्या वस्तीच्या पंपांचा तक्ता मोठ्या कागदावर, संचावरची तपासणी सगळ्यांसमोर, आणि चांगल्या पाण्याच्या जागेचा हातानं काढलेला नकाशा. शेजारच्या दोन पंपांचं पाणी एकाच वेळी तपासून रंगातला फरक दाखवला की समजावण्याचं निम्मं काम तिथंच होतं, कारण दोन्ही पाणी दिसायला आणि चवीला सारखंच असतं.

नंतर गप्प बसा आणि ऐका. ‘ती विहीर लांब आहे’, ‘तिथं आम्हाला भरू देत नाहीत’, ‘उन्हाळ्यात आटते’. अडचण खरी इथं असते. जातीच्या कारणावरून विहिरीवर मज्जाव होत असेल तर हा प्रश्न प्रचारपत्रकानं सुटणारा नाही, आणि ‘विहिरीचं पाणी प्या’ असा फलक त्या वस्तीत लावणं क्रूरपणाचं आहे. आधी तो प्रश्न हाती घ्या.

निघण्याआधी दोघी-तिघींना विचारा, ‘घरी जाऊन सासूबाईंना काय सांगाल?’ त्यांच्या उत्तरात ‘पाणी उकळून घ्यायचं’ आलं, तर तुमचं सांगणं अजून पोहोचलेलं नाही. पुन्हा सांगा.

दवंडी, भिंत आणि मोबाइल

दवंडीचा किंवा भोंग्याचा मजकूर तीस सेकंदांत संपला पाहिजे. चालत्या गाडीतून तेवढंही कानावर पडत नाही, म्हणून प्रत्येक चौकात गाडी थांबवून दोनदा बोला. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद. मजकूर साधारण असा:

‘बसथांब्याजवळच्या हातपंपाचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका. अंघोळीला, धुण्याला चालेल. पिण्याचं पाणी शाळेमागच्या विहिरीवरून आणा. उकळून किंवा टीसीएल टाकून हे पाणी सुधारत नाही. काही विचारायचं असेल तर आशाताईंना भेटा.’

यात संस्थेचं नाव नाही, पाहुण्यांचं नाव नाही. ते मुद्दाम वगळलं आहे.

भिंतीवर लिहिताना दहा फुटांवरून वाचता यायला अक्षर किमान इंचभर उंच हवं, आणि काना-मात्रा-वेलांटीला ओळींमध्ये मोकळी जागा हवी. पंचवीस शब्दांच्या वर गेलात तर कुणी थांबून वाचत नाही. फ्लेक्स लवकर तयार होतो, पण विदर्भाच्या उन्हात फिका पडतो, फाटतो आणि कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. जे वर्षभर टिकायला हवं ते रंगवा.

मोबाइलवर सगळ्यात घातक चूक म्हणजे नुसता अहवालाचा फोटो टाकणं. फोटो पुढे जातो, खालचा मजकूर मागं राहतो, आणि तिसऱ्या तालुक्यात तो त्यांच्या गावचा अहवाल म्हणून फिरतो. गाव, पंपाचं नाव, नमुन्याची तारीख आणि ‘काय करायचं’ ही ओळ चित्राच्या आतच लिहा. त्याशिवाय वस्तीच्या बोलीतला 45 सेकंदांचा आवाजी निरोप द्या. न वाचणाऱ्यांपर्यंत आणि अंध माणसांपर्यंत तोच पोहोचतो. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबत असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप जातच नाही.

घरगुती उपायांचे निरोप पाठवू नका. ‘पाण्यात तुरटी फिरवा’ हा त्यातला नेहमीचा. नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात हे खरं, पण मात्रा पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरते. अंदाजानं टाकलेल्या तुरटीनं फ्लोराइड पुरेसं जात नाही आणि पाण्यात अॅल्युमिनियम मात्र राहू शकतं.

वार्ताहराला काय द्यायचं

प्रेसनोट अडीचशे ते तीनशे शब्दांची, युनिकोडमध्ये, फोटो काढून नव्हे तर मजकूर म्हणून पाठवा. दुपारी चारच्या आत पोहोचली तर दुसऱ्या दिवशीच्या अंकाला वेळ राहतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की त्याचा दर्जा टिकतो.

पहिल्या वाक्यात गाव, किती स्रोत तपासले, किती मर्यादेबाहेर आणि पर्याय काय, हे सगळं यावं. ‘गावातल्या 11 स्रोतांपैकी 3 हातपंपांत फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळलं असून ग्रामपंचायतीनं शाळेमागच्या विहिरीवरून पाण्याची सोय केली आहे’ अशी सुरुवात असेल तर उपसंपादकानं खालचा मजकूर कापला तरी गरजेचं सगळं छापून येतं. सुरुवात ‘आपल्या संस्थेची स्थापना’ या वाक्यानं झाली, तर कापलं जातं ते नेमकं पाणी. ‘विषारी पाण्याचा विळखा’ हे शीर्षक वार्ताहर देणारच, म्हणून तुमच्याकडून एक साधं शीर्षक आधीच लिहून द्या. प्रयोगशाळेचा अहवाल जोडा, आणि सरपंचांचं किंवा अधिकाऱ्यांचं म्हणणं घ्यायला त्यांना वेळ मिळेल अशा बेतानं पाठवा.

फोटोंबाबत ठाम राहा. पट्टे पडलेल्या दातांचं हसणारं मूल हा फोटो प्रत्येकजण मागतो. त्या मुलाचा चेहरा आयुष्यभर नेटवर राहतो. मुली मोठ्या झाल्या की सोयरीक जुळवताना तोच फोटो निघतो, आणि ‘त्या गावची मुलगी’ हा शिक्का सगळ्या गावावर बसतो. फोटो पंपाचा द्या, तक्त्याचा द्या, तपासणी करणाऱ्या बायकांचा त्यांना विचारून द्या. दात दाखवणं गरजेचंच असेल तर फक्त दात दिसतील असा, आईवडिलांच्या लेखी संमतीनं, गावाच्या नावाशिवाय.

आपलं काम सांगताना

आता संस्थेच्या कामाबद्दल. लोकांना आणि देणगीदारांना ते सांगायलाच हवं, पण ‘हजारो लोकांना शुद्ध पाणी’ असं लिहू नका. किती स्रोत तपासले, किती वाईट निघाले, किती घरांनी पाणी बदललं, किती घरं अजून तिथूनच भरतात, किती पैसे आले आणि कशावर गेले, हे पाच आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. अपयशाचा आकडा वगळू नका. तो गावाला माहीत असतोच, आणि तुम्ही लिहिलात की बाकीचे चारही आकडे लोक खरे मानतात.

फिल्टर बसवला असेल तर उद्घाटनाच्या पाटीपेक्षा एक छोटी पाटी महत्त्वाची. अॅक्टिव्हेटेड अल्युमिनाच्या फिल्टरमधलं माध्यम, म्हणजे फ्लोराइड शोषून घेणारे दाणे, ठरावीक पाणी गेल्यावर भरतं, त्यानंतर पाणी येत राहतं पण फ्लोराइड थांबत नाही, आणि चवीवरून काहीच कळत नाही. म्हणून टाकीवरच लिहा: माध्यम कधी बदललं, पुढं कधी बदलायचं, जबाबदारी कुणाची, खर्च कोण देणार. ही पाटी नसलेला फिल्टर आणि त्याचा छापलेला फोटो दोन्ही लोकांना खोटा दिलासा देतात.

आकडा चुकला, पंपांची अदलाबदल झाली, प्रयोगशाळेनं सुधारित अहवाल दिला, असं कधी ना कधी होतं. जिथं चूक सांगितली तिथंच, त्याच भोंग्यावर, त्याच ग्रुपवर, त्याच भिंतीवर दुसऱ्या दिवसापर्यंत दुरुस्ती सांगा. ‘दि. अमुकचा निरोप चुकीचा होता, बरोबर आकडा हा, काल ज्यांनी पाणी बदललं त्यांनी आता असं करावं.’ जुना निरोप गुपचूप पुसू नका, तो तोवर चाळीस फोनांत पोहोचलेला असतो.

पुढची तपासणी मे महिन्यात आणि दिवाळीनंतर ठेवा. तिची तारीख भिंतीवरच्या आकड्यांखाली आजच लिहून टाका, आणि त्या दिवशी रंगाचा डबा सोबत न्या.